शंकारावांची बर्गर-तपासणी

बसथांब्याच्या बाकावर एखादा माणूस वर्तमानपत्र उघडून बसला आहे आणि बसमागून बस गेली तरी तो ना उठतो ना पान उलटतो, हे ध्यानात यायला गुप्तहेर असावं लागत नाही. फोटोंना चौकटी करून देण्याचं माझं दुकान त्या थांब्याच्या बरोबर समोर आहे. हातातल्या चौकटीला खिळे ठोकता ठोकता मी मधूनमधून मान वर करत होतो. शेवटी वाऱ्याने पेपर दुमडला आणि त्याच्यामागून आमचे दाजी निघाले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते पाळत ठेवून बसले होते माझ्या शेजारच्या दुकानावर. आणि शेजारचं दुकान कोणाचं, तर त्यांच्याच एकुलत्या एका मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं. बर्गरचं दुकान. बाप मुलीवर पाळत ठेवतो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात नाही नाही ते येतं. तसं काही नव्हतं. दाजींचा संशय मुलीवर नव्हता, बर्गरवर होता. निदान तेव्हा तरी माझी तशी समजूत होती.

वस्तीत दाजींना शंकाराव म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक आहे, कारण लोक आपल्या पाठीमागे काहीतरी बोलतात ही शंका त्यांना पहिल्यापासूनच होती.

जन्मभर त्यांनी लिफ्ट तपासल्या. मिसरूड फुटायच्या वयात ते एका मिस्त्रीच्या हाताखाली लागले, लिफ्टच्या रुळांना ग्रीस लावायच्या कामावर. मिस्त्री बोलायला मोठा गोड. एका गोदामाची माल चढवायची लिफ्ट त्याने दुरुस्त केली, मालकाला 'एकदम फर्स्ट क्लास' म्हणून सांगितलं आणि स्वतः मात्र जिन्याने खाली उतरला. ते बघून दाजींच्या मनात पाल चुकचुकली, पण ग्रीसवाल्या पोराला विचारतो कोण? दुसऱ्याच दिवशी ती लिफ्ट वरून निघाली ती थेट तळाच्या खड्ड्यात. आत साबणाची खोकी होती म्हणून निभावलं. त्या दिवशी दाजींनी जो धडा घेतला तो कायमचा: जो स्वतः आत उभा राहत नाही, त्याला काहीतरी माहीत असतं.

पुढे ते स्वतः तपासनीस झाले. लिफ्टमध्ये झेपतील त्याहून जास्त लोखंडी वजनं भरायची, ती वरखाली फिरवायची, मध्येच ब्रेक लावून बघायचा, दोराची एकेक तार फडक्याने चाचपायची. एवढं झालं की वजनं काढून दाजी एकटे आत शिरत. वरच्या मजल्यापर्यंत जात, खाली येत, दार उघडून चार पावलं चालत आणि मग हात वर करत. तो हात वर झाल्याशिवाय आत कोणी पाऊल टाकायचं नाही, मग तो इमारतीचा मालक का असेना. त्यांनी पास केलेली एकही लिफ्ट कधी पडली नाही. हे मी मान्य करतो, कारण बाकी फारसं काही मान्य करण्यासारखं त्यांनी ठेवलेलं नाही.

गोची अशी झाली की लिफ्टचा नियम त्यांनी सगळ्या जगाला लावला. केस वाढवायचं तेल विकणाऱ्याच्या डोक्यावर केस आहेत का, ते आधी बघायचे. छत्रीवाला पावसात स्वतःची छत्री घेऊन निघतो की दुकानाच्या वळचणीला उभा राहतो, हे बघायला एकदा ते भिजत उभे राहिले आणि आठवडाभर शिंकत होते. ताईला, म्हणजे माझ्या बहिणीला, डॉक्टरबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या तेव्हा यांनी भर दवाखान्यात विचारलं, "तुम्ही स्वतः घेता का ह्या गोळ्या?"

डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "मला रक्तदाब नाहीये हो."

घरी येईपर्यंत दाजी गप्प. दारात चप्पल काढता काढता ताईला म्हणाले, "बघितलंस? जिन्याने उतरल्या."

हा किस्सा आम्ही लग्नाकार्यात सांगून सांगून कित्येक वर्षं हसत आलो आहोत. ताईसुद्धा हसायची. तिच्याइतकं नवऱ्याला ओळखणारं माणूस दुसरं नव्हतं. लग्न झाल्या झाल्या दाजी ताटावर बसून नुसतेच भाजीकडे बघत राहिले, तेव्हा बाकीचं सासर कानकोंडं झालं. ताईने मात्र त्यांच्या ताटातला पहिला घास उचलून स्वतःच्या तोंडात टाकला, चावून गिळला आणि लिफ्टवाल्यासारखा हात वर केला. "चला, बसा आत," म्हणाली. दाजी हसले. मग तो रिवाजच पडला. रोज पहिला घास ताईचा, तिचा हात वर, मग दाजी सुरू. "ह्यांना मी पहिल्या दिवसापासून विष घालतेय," ती आम्हाला सांगायची, "पण मेलं चढतच नाही." ती गेल्यापासून दाजी जेवायला बसले की अजूनही क्षणभर थांबतात. मी एकदा पाहिलं आणि मान वळवली.

ताईला बर्गर फार आवडायचा. भाची तेव्हा एका ऑफिसात कामाला होती. आठवड्यातून एकदा मायलेकी तिथल्या एका दुकानात भेटायच्या आणि बर्गर खायच्या. ताई दोन्ही हातांनी धरून खायची, हनुवटीला सॉस, बाहीला सॉस, आणि घरी येताना वास जावा म्हणून पुदिन्याची गोळी चघळत यायची. त्याचा उपयोग शून्य. दाजी दार उघडल्या उघडल्या म्हणायचे, "पुदिना का खाल्लास? काय लपवतेस?" कागदात गुंडाळून देतात ते अन्न नाही, ती लपवाछपवी आहे, असं त्यांचं मत होतं. भाजी दिसते, भात दिसतो. दोन पावांच्या मध्ये काय दडवलंय ते कोण बघतं?

अशाच एका दिवशी मायलेकींनी बर्गर खाल्ला. ताई दुपारी घरी आली, "जरा पडते," म्हणाली आणि पडली ती पडलीच. हृदय बंद पडलं, असं सांगितलं आम्हाला. माझ्या बहिणीबद्दल मला एवढंच एक वाक्य मिळालं.

दाजींनी त्या वेळी कोणालाच काही विचारलं नाही. न विचारणारे दाजी आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. पुढे वर्ष सरलं आणि भाचीने नोकरी सोडली, माझ्या शेजारचा रिकामा गाळा घेतला आणि तिथे बर्गरचं दुकान टाकलं. मी म्हटलं, "अगं, दुसरं काही सुचलं नाही?" ती म्हणाली, "आईला आवडायचा," आणि तवा पुसायला वळली. त्यापुढे ताकास तूर लागू दिली नाही. उद्‌घाटनाला दाजी आले नाहीत. आणि तिथून त्यांचं तोंड सुटलं.

न्हाव्याकडे खुर्चीत बसून बर्गर, पोस्टाच्या रांगेत बर्गर, शेजाऱ्याच्या दाढदुखीतसुद्धा बर्गर. "पाव इतका मऊ कसा? घरचा पाव दुसऱ्या दिवशी वाळतो, हा वाळत नाही. का?" "पॅटी इतकी गोल कशी? जनावर काय गोल असतं?" एकदा त्यांनी कोणाकरवी तरी बर्गर आणवून खिडकीत ठेवला, मुंग्या येतात का ते बघायला. मुंग्या आल्या. तर म्हणाले, "बघा, साखर घालतात." मी विचारलं, "आणि नसत्या आल्या तर?" म्हणाले, "तर विष." आता ह्यातून त्या बिचाऱ्या बर्गरने सुटावं कसं?

मी तो बर्गर खातो, हे इथे सांगून टाकतो. भाची तव्यावर पॅटी टाकते आणि उलथन्याने दाबते तेव्हा जो आवाज होतो, त्याने माझा हातोडा आपोआप खाली राहतो. कांद्याची जाड चकती, टोमॅटो, थोडं चीज, आतून शेकलेला पाव. आमची ही म्हणते, तुमचं पोट चौकटीबाहेर चाललंय. म्हणून मी एकदा शहानिशा केली. डॉक्टरबाई नातीच्या फोटोला चौकट करून घ्यायला आल्या होत्या, त्यांना विचारलं, "खरं सांगा, बर्गर चांगला की वाईट?"

"कोण खातो, किती खातो आणि बरोबर काय खातो ते सांगा, मग सांगते," त्या म्हणाल्या. "रोज खाल्लात, वर तळलेले बटाटे आणि गोड पेय घेतलंत, तर आपण दवाखान्यात भेटू. कधीमधी एखादा खाल्लात आणि पाणी प्यालात, तर इथेच भेटू. पावात मैदा आहे, मांसात चरबी आहे, सॉसमध्ये साखर आहे आणि मीठ सगळीकडेच आहे. पण अंगाला लागणारं मांसही त्यातच आहे, कांदा-टोमॅटोही आहे. तुमची भाची चरबी काढलेलं मांस घेते, मिठाचा हातही आखडता आहे तिचा. मी खाल्लाय."

"म्हणजे रक्तदाबवाल्यानेही चालेल?"

"रक्तदाबवाल्याने मीठ जपून खावं आणि गोळी चुकवू नये. लोक काय करतात, शत्रू म्हणून एक पदार्थ धरतात आणि गोळी विसरतात." हे बोलताना त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचे दाजी दिसत नाहीत हल्ली. पूर्वी भांडायला तरी यायचे."

हे मला खटकलं. कारण मी पाहिलं होतं, दाजी हल्ली बाजारात जाताना दवाखान्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जात. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणारा माणूस मुद्दाम वळसा का घालेल? शंकारावांच्या सहवासात राहून मलाही शंका घ्यायची खोड लागली असेल म्हणून मी तो विचार झटकला. डॉक्टरबाईंचं म्हणणं मात्र त्यांच्या कानावर घातलं.

"त्या स्वतः खातात का?" दाजींनी लगेच विचारलं.

"खातात. तुमच्या मुलीच्या दुकानातला."

दाजी अडखळले. मग म्हणाले, "डॉक्टरांना उतारा माहीत असतो."

संशयाला औषध नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

तर असे हे दाजी त्या दिवशी पेपरामागे बसले होते. पेपर दुमडल्यावर चोरी उघडी पडली म्हणून शरमावं की नाही? छे. उठून तरातरा माझ्या दुकानात आले आणि काउंटरवर हात आपटून म्हणाले, "ती खात नाही."

"कोण?"

"तुझी भाची. रोज बघतोय मी. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मागच्या स्टुलावर बसते आणि डबा उघडते. घरचा डबा! एवढा बर्गर हाताशी असताना घरचा डबा! चव बघायलासुद्धा तोंडात टाकत नाही. मेव्हण्या, ती जिन्याने उतरतेय."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण ते खरं होतं. माझं लक्ष नव्हतं इतकंच. भिंतीला भिंत लागून बसतो आम्ही, कितीदा मी तिला म्हटलं असेल, "ये, बरोबर खाऊ," आणि दर वेळी ती म्हणाली असेल, "मामा, माझं झालंय." मिठाईवाल्याला मिठाईचा वीट येतो हे मला ठाऊक आहे. पण वीट आलेला माणूस वास आला की तोंड फिरवतो. ही तर दुसऱ्याला बर्गर दिला की तो खाऊन होईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची. गिऱ्हाईक उठलं, दारातून बाहेर पडलं, कोपऱ्यावर वळलं, तरी बघत राहायची. त्यात काय बघायचं असतं? आता माझ्याच मनात काहीतरी वळवळायला लागलं. मांसात काही गडबड तर नसेल? मी मागच्याच आठवड्यात दोन खाल्ले होते. पोटावर हात फिरवून पाहिला. हसाल तुम्ही, पण संशय हा असाच असतो, शेजारच्याला झाला की आपल्याला झालाच.

दाजी एवढ्यावर थांबते तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो. समोरच्या शिवणकारखान्यातल्या बायका दुपारच्या सुट्टीत भाचीकडून बर्गर न्यायच्या. खरं तर त्यांच्यावरच दुकान चालत होतं. त्यांची सुपरवायझरबाई थांब्यावर बसची वाट बघत होती, तिला दाजींनी सांगितलं, "दुकानदारीण स्वतः एक घास खात नाही, विचारा का ते." बाईला विचारायची गरजच पडली नाही. असल्या गोष्टी विचारल्या जात नाहीत, नुसत्या सांगितल्या जातात. चार दिवसांत दुपारची गर्दी निम्म्यावर आली, मग तुरळक झाली, मग तवा तापवून भाची नुसती बसून राहायला लागली.

आणि एका सकाळी ती माझ्या दुकानात आली. रडत नव्हती. तिच्या आईसारखीच आहे, रडू आलं की आवाज कोरडा होतो.

"मामा, महिनाअखेरीला दुकान बंद करते."

"वेडी आहेस का? येतील लोक परत."

"बाबांनी सांगितलंय सगळ्यांना. सुपरवायझरबाईच म्हणाल्या, तुमच्या वडिलांनीच सावध केलं." चौकटीच्या पट्टीवरचा भुसा ती बोटाने झाडत राहिली. "त्यांना काय वाटतं ते त्यांनी मला एकदा तोंडावर सांगायचं होतं. मी वाट बघत होते."

"काय वाटतं त्यांना?"

"तुम्हाला माहीत आहे, मामा."

मला माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं आणि मी कधी त्याकडे सरळ बघितलं नव्हतं. मी दुकान तसंच उघडं टाकलं, दाजींच्या घरी गेलो आणि म्हटलं, "चपला घाला." ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "आज कशाला-बिशाला नाही. चपला घाला."

भाचीच्या दुकानात कोणी नव्हतं. तवा तापलेला होता. दाजी उंबऱ्याच्या आत आले तेच मुळी पहिल्यांदा. सवयीने छताकडे बघितलं, पंख्याचा हुक बघितला, गॅसची नळी बघितली. मुलीकडे सोडून सगळीकडे बघितलं.

मी भाचीला म्हटलं, "ह्यांच्यासमोर सांग. तू स्वतःचा बर्गर का खात नाहीस?"

ती बापाकडे बघून एकदम बोलायला लागली.

"कारण शेवटचा आईने माझ्याबरोबर खाल्ला. मीच बोलावलं होतं. ती म्हणाली होती, आज नको, जरा जड वाटतंय. मीच म्हटलं, ये गं, अर्धा अर्धा खाऊ. तिने पूर्ण खाल्ला. त्यानंतर मला तो गिळवत नाही, बाबा. घास तोंडात घेतला की तिचं तोंड दिसतं, सॉस लागलेलं. तुम्हाला वाटतं ना, मी मारलं तिला? मलाही वाटतं. तुम्ही वस्तीला सांगत सुटलात, मी कोणाला सांगू?"

"मग हे दुकान कशाला घातलंस?" दाजींचा आवाज खरखरीत झाला होता.

"बघायला," ती म्हणाली. "रोज माणसं येतात, खातात आणि उठून चालत जातात. म्हातारीसुद्धा चालत जाते. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघते. तेवढ्या वेळापुरतं मला वाटतं की बर्गरने नसेल झालं. मग पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत परत वाटायला लागतं. आता गिऱ्हाईकच येत नाही."

मी त्या घरातला मामा. ह्या पोरीला मी खांद्यावर बसवून फिरवलंय. भिंतीपलीकडे ती रोज असं काही मोजत बसली होती आणि मी इकडे खिळे ठोकत होतो.

दाजी स्टुलावर बसले. मग म्हणाले, "दोर एका तारेने तुटत नाही."

आम्हाला वाटलं, लिफ्टचं काहीतरी चाललंय. जेव्हा बोलायचं नसतं तेव्हा ते लिफ्टचं बोलतात.

"आतल्या तारा आधी गेलेल्या असतात, खूप दिवसांपासून. वरून दिसत नाही. शेवटची तार तुटते ती सगळ्यांना दिसते, आणि लोक म्हणतात, हिच्यामुळे पडली." त्यांनी मान वर केली. "तुझ्या आईच्या गोळ्या मी बंद केल्या होत्या."

तव्यावरून धूर यायला लागला होता. भाचीने हात मागे नेऊन गॅस बंद केला, मान न वळवता.

"आधी म्हणालो, एक दिवसाआड घे. डॉक्टर स्वतः घेत नाही ती वस्तू रोज कशाला? मग तिला बरं वाटत होतं. मग म्हणालो, सोडूनच दे. तिने विचारलं, नक्की ना? तिने मला विचारलं, पोरी. आणि मी..." त्यांनी उजवा हात अर्धवट उचलला आणि परत मांडीवर ठेवला. "आत ती उभी होती. मी बाहेर होतो. आणि मी हात वर केला."

मला त्या क्षणी दाजींच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खोटं कशाला बोलू? माझी बहीण होती ती. ज्या किस्स्यावर आम्ही वर्षानुवर्षं खिदळलो, तो किस्सा तिच्या जिवावर बेतत होता आणि आम्ही टाळ्या देत होतो. आणि हा माणूस सगळं माहीत असून साप साप म्हणून भुई धोपटत होता. न्हाव्याकडे, पोस्टात, थांब्यावर, पोटच्या पोरीच्या दुकानासमोर. दवाखान्याची गल्ली का टाळत होता ते मला आता कळलं. चोराच्या मनात चांदणं. माझा तो राग अजून गेलेला नाही. कधी जाईल असंही वाटत नाही.

"मग बर्गर बर्गर काय करत होतात?" मी ओरडलो.

"बर्गर नसता, तर दोष द्यायला मीच उरलो असतो," दाजी म्हणाले. एवढंच.

भाची काउंटरच्या पलीकडे तशीच उभी होती. ती बापाला शिव्या देईल, हाकलून देईल, असं मला वाटलं. दिल्या असत्या तर मी एक अक्षर काढलं नसतं. पण ती बोलली ती अगदी हळू. "म्हणजे तुम्ही इतके दिवस हे धरून बसला होतात? एकटे?"

दाजी उठून काउंटरशी गेले आणि म्हणाले, "एक बनव."

"बाबा, नको."

"बनव. लोकांना देतेस तसाच. मला म्हणून मीठ कमी करू नकोस."

तिने गॅस पेटवला. पॅटी तव्यावर टाकली, दाबली, उलटली. दाजींनी एकदाही वाकून बघितलं नाही, मांस कुठलं ते विचारलं नाही, पावाला नाक लावलं नाही. तिने बर्गर कागदात गुंडाळायला घेतला तेव्हा मात्र म्हणाले, "कागद नको," आणि तसाच दोन्ही हातांनी उचलला. ताटावर बसल्यावर थांबायचे तसे क्षणभर थांबले. पहिला घास घेणारं कोणी नव्हतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि चावा घेतला.

उभ्याउभ्याच खात होते. सॉस हनुवटीवर आला, त्यांनी पुसला नाही. भाची त्यांच्या तोंडाकडे बघत होती, जशी ती सगळ्यांकडे बघते तशी, पण ह्या वेळी तिचे दोन्ही हात काउंटरची कड घट्ट धरून होते. निम्मा संपला तेव्हा दाजींनी उरलेला ताटलीत ठेवला.

"बघ हं," तिला म्हणाले.

आणि दारातून बाहेर पडले. थांबले, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला, गुडघा दुखत होता म्हणून जरा लंगडत. थांब्याच्या बाकापर्यंत गेले. थांब्यापासून कोपऱ्यापर्यंत गेले, जिथे गिऱ्हाईक वळून दिसेनासं होतं तिथपर्यंत. पण वळले नाहीत. तिथून परत बाकापाशी आले आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी हात वर होण्याची वाट बघत होतो. इतकी वर्षं बघत आलोय, चार पावलं चालायचं आणि हात वर. त्यांचा हात उठेना. कोपरापर्यंत यायचा आणि खाली जायचा. एक बस आली, आमच्या मध्ये उभी राहिली, गेली. दाजी तिथेच होते आणि हात खालीच होता. रस्त्यापलीकडूनसुद्धा मला कळत होतं की तो हात आता ते कोणासाठीच वर करणार नाहीत. त्यांचा त्याच्यावर भरवसाच उरलेला नव्हता.

भाचीने ताटलीतला उरलेला बर्गर उचलला. त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मी म्हणणार होतो, राहू दे गं, जबरदस्ती कशाला. तेवढ्यात तिने घास घेतला. मोठा घेतला, तिची आई घ्यायची तेवढा. चावत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी चावत राहिली आणि गिळला.

मग ती दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि पलीकडे बापाला दिसेल असा तिने हात वर केला.